‘डी-२’चा कोयता घ्यावा का? आधी हे वाचा
ऑर्डर देऊन बनवलेल्या सुऱ्यांमध्ये ‘डी-२’ टूल स्टीलला मान आहे. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. त्यातून बनणाऱ्या कठीण कार्बाइडमुळे धार लवकर झिजत नाही.

मग भंडारदऱ्याच्या शेतकऱ्याने कोयताही याचाच घ्यावा का? आमचं मत, नाही. जोराच्या घावाने डी-२ची धार तुटू शकते, साध्या दगडावर ती लवकर लागत नाही आणि इथल्या पावसात हे स्टील गंजतंही. लाकूडतोडीला लोहाराने गाडीच्या पाट्यापासून घडवलेला चिवट कोयताच बरा.

डी-२ सुरीसाठी घ्या. मात्र पैसे देण्याआधी विचारा : हीट ट्रीटमेंट भट्टीत तापमान मोजून केली का? हार्डनेस किती एचआरसी? ५८ ते ६० हवा. उत्तर नसेल, तर नुसत्या नावाला भुलू नका.