एक बादली अधिक

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घराचा स्लॅब ओततांना पाहण्याचा योग आला. नकाशा जाणत्या इंजिनियराचा, सिमेंट-लोखंड उत्तम प्रतीचें. पण माल कालविणारा मजूर मापाबाहेर एक बादली पाणी खुशाल ओतीत होता. कारण विचारतां तो म्हणाला, "साहेब, माल घट्ट होतो, फावडें चालत नाहीं."

त्या बादलीचा हिशेब वाचकांनीं पाहावा. ५० किलो सिमेंटाच्या गोणीस, वाळू कोरडी असतां, साधारणतः २५ लिटर पाणी पुरे होतें. जास्तीचें पाणी सिमेंटाशीं संयोग पावत नाहीं. तें कालांतरानें सुकतें आणि आपल्या जागीं सूक्ष्म छिद्रें ठेवून जातें. पुढें त्यांतूनच ओल शिरते व आंतील लोखंड गंजतें. सिमेंटाच्या मानानें पाणी वाढलें कीं काँक्रीटचें बळ घटतें, हा नियम अमेरिकेंतील डफ एब्राम्स यांनीं १९१८ सालींच मांडला.

मग दोष मजुराचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. संध्याकाळच्या आंत स्लॅब पुरा करावयाचा, हें त्यास सर्वांनीं बजावलें होतें. पाणी कां मोजावें, हें मात्र कोणींच सांगितलें नव्हतें. मुलांच्या शिक्षकाची पात्रता आपण कसून पाहतों. पण ज्या छताखालीं तीं मुलें निजावयाचीं, तें घडविणारा कामगार निवडतांना केवळ रोजाचा दर विचारतों!

आम्ही त्या मजुरास कारण समजावून सांगितलें. पुढची बादली त्यानें आपण होऊन मोजून घेतली.