गज, भिंत आणि शेजार

वाद्य शिकणाऱ्याला गुरू मिळतो, उसनवारी करून वाद्यही मिळते; मिळत नाही ती वाजवायला जागा. त्यातही ज्याच्या हाती गजाचे वाद्य आले त्याची अवस्था अधिकच अवघड. सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि आपोआप विरतो. गजाचे तसे नाही. व्हायोलिन असो, सारंगी असो वा दिलरुबा, गज ओढीत राहाल तोवर सूर ऐकणाऱ्याच्या कानाशी उभा. हात तयार असला तर ठीक. शिकाऊ असला तर पलीकडच्या घरात भाकर तव्यावरच करपते.

अंतरवाली सराटीत राहून व्हायोलिन शिकणाऱ्याने या विषयावर लिहावे यात थोडा विनोद आहे, हे मी जाणून आहे. २०२३ साली आमच्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते आवाज उठवणारे गाव म्हणून; त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरच्या सभेची गर्दी साऱ्यांनी पाहिली आहे. अशा गावात बसून मी आवाज कमी कसा करावा याची चिंता वाहतो! पण माझे म्हणणे असे की, शिकाऊ वादकाला ‘हळू वाजव’ सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि शेजाऱ्याला ‘सोसून घे’ सांगणे हा शेजाऱ्यावर. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

‘हळू वाजव’ हा अन्याय का, ते आधी सांगतो. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. ते केस तारेला पकडतात, थोडी ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. एका सेकंदात हे शेकडो वेळा घडते तेव्हा एक सूर उभा राहतो. ही पकड बसायला गजावर हाताचे वजन द्यावे लागते. शेजाऱ्याच्या धाकाने गज वरच्यावर फिरवला तर पकड सुटते आणि शिट्टीसारखा पोकळ आवाज निघतो. वर्षभर असाच रियाज केला तर हाताला तेच वळण लागते, आणि मग भर सभेत मोकळीक मिळाली तरी सूर घशातच अडकल्यासारखा येतो. म्हणून दबून वाजवण्यापेक्षा घोडीवर रबरी म्यूट चढवावा. त्याने घोडी जड होते, तारेची थरथर वाद्याच्या पोटापर्यंत कमी पोहोचते, आणि हात मात्र पुऱ्या वजनाने चालवता येतो. वस्तू लहानशी आहे, फार महागही नाही. तिचा दोष एवढाच की तिच्याआडून स्वतःचा खरा सूर ऐकू येत नाही. तेव्हा रोजच्या रियाजात थोडा वेळ तरी ती काढून ठेवायलाच हवी. सारा वाद त्या थोड्या वेळाचा आहे.

माझ्या व्हायोलिनची ही कथा, तर या कुळातल्या थोरल्या भावाचे काय होत असेल? डबल बास हे वाद्य सुमारे सहा फूट उंच, उभे राहून किंवा उंच स्टुलावर टेकून वाजवायचे. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले तेव्हा त्यांनी हेच वाद्य शिकायला घेतले होते. पुढे ते जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झाले. डबल बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि त्या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी लांब लाट पडद्याला, गोधडीला जुमानत नाही. खोलीत चादरी टांगल्या की वरचे तीक्ष्ण स्वर मऊ होतात आणि वाजवणाऱ्याला वाटते, चला, काम झाले. खर्ज मात्र भिंतीतून सरळ पलीकडे गेलेला असतो. शिवाय हे वाद्य ज्या लोखंडी खुंटावर उभे राहते तो खुंट थरथर जमिनीत उतरवतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची फरशी म्हणजे खालच्याचे छत. ते छतच वाजू लागते. खुंटाखाली जाड रबराचा तुकडा किंवा दुहेरी सतरंजी घातली तर बराच फरक पडतो. बाकी उपाय एकच, वजन. जितकी भिंत जड तितका आवाज कमी जातो.

या बाबतीत आमच्या जुन्या मराठवाड्याने काही कमावून गमावले आहे. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असत. उन्हाळ्यात गार आणि आवाजाला बहिऱ्या. त्यांच्या जागी चार इंची विटांची भिंत आली, वर पत्रे आले. पत्रा स्वतःच एक वाद्य आहे. मी पंचम लावला की डोक्यावरचा एक सैल पत्रा साथ देतो, आणि ती साथ मला कधीही सुरात वाटलेली नाही. सामाईक भिंतीशी ज्वारीची पोती रचून ठेवावीत, हा माझा अनुभवाचा सल्ला. सुगीत रियाज गुपचूप होतो, पोती विकली की पुन्हा बोभाटा.

भिंतीनंतर प्रश्न वेळेचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा असे ठरवले. कायदा शहाण्यांनी केला आहे, पण त्यांच्या विहिरीवर मोटार नसावी. आमच्याकडे ज्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रीची वीज असते, त्या आठवड्यात माणसे रात्रभर पाणी धरतात आणि दिवसा झोपतात. त्यांची रात्र दुपारी असते. मी भिंतीपलीकडच्या बापूंना विचारले, “बापू, कोणत्या वेळेला वाजवू?” ते म्हणाले, “आज रातच्याला लाइट हाय. दुपारी मला झोपू दे, मग सांजच्याला वाजव की कितीबी.” डेसिबलचा आकडा हे सांगू शकला नसता. माझे वेळापत्रक तेव्हापासून वीजमंडळाच्या वेळापत्रकाला जोडलेले आहे.

कोणी म्हणेल, वरातीचा डीजे चालतो, सप्ताहाचा कर्णा चालतो, मग एका पोराचे व्हायोलिनच का खुपते? मलाही राग येत असे. विचार केल्यावर वाटते, वरात आणि सप्ताह गावाचे असतात. त्यात सगळ्यांचा वाटा, आणि ते संपणार कधी हेही ठाऊक असते. रियाज एकट्याचा असतो. तेच चार सूर, तीच चूक, रोज. आणि शेवट कधी ते देवालाही माहीत नाही. विचारून, वेळ सांगून वाजवले की या त्रासाला निदान एक शेवट मिळतो. अमेरिकेतला सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स याच्या शेजारी एक गरोदर बाई राहत होती. तिला त्रास नको म्हणून १९५९ पासून दोन वर्षे तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवीत असे. आम्हांला पूल नाही, शेतातला आखाडा आहे. बैल तक्रार करीत नाहीत.

पण आखाडा मुलांना. मुलींना कोण एकटे शेतात पाठवील? माझा खरा आक्षेप इथे आहे. मुलगी गज हाती धरते तेव्हा शेजारी आवाज मोजत नाहीत. “पोरगी काय बैठकीत बसायचीय का?” हा प्रश्न भिंतीतून आत येतो. सारंगीने हा डाग फार काळ सोसला. कोठ्यावरचे वाद्य म्हणून घराघरांनी तिला उंबऱ्याबाहेर ठेवले. पं. राम नारायण यांच्यासारख्यांनी मैफलीच्या मध्यभागी बसून तिला मान मिळवून दिला, पण पलीकडच्या ओसरीवरची कुजबूज अजून पुरती थांबलेली नाही. या आवाजावर रबरी म्यूट नाही. शिकणाऱ्या पोरी शिकणे सोडून देतात ते बेसूर म्हणून नव्हे. आई म्हणते, “राहू दे बाई, लोक ऐकतात,” आणि गज पेटीत जातो.

यासाठी मला एकच मागायचे आहे. गावोगावच्या शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या खोल्या सकाळी वर्ग भरेपर्यंत रिकाम्या असतात. त्यांतली एक, रस्त्यापासून आतली, जाड भिंतीची, सहा ते आठ रियाजाला द्यावी, मुलींना आधी. तिथे पोरगी वाजवते म्हणजे शिकते, एवढाच अर्थ निघेल. खर्च काहीच नाही. एक सतरंजी लागेल, आणि किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावे लागेल. ती शिपाईमामांकडे असावी असे मला वाटते. सहाला ते झाडू मारायला येतातच.