गृहव्यवहार : शेगडीच्या जागीं अवरक्त हीटर

मार्गशीर्ष सरला कीं पवनेच्या जलाशयावर पहांटे धुकें उतरतें, आणि तुंग व तिकोना हे आमचे दोन्ही शेजारी सूर्य बराच वर येईपर्यंत दिसेनासे होतात. आम्हां पवनानगरकरांना ही शोभा प्रिय असली, तरी घरांतील वृद्धांच्या गुडघ्यांना ती प्रिय नसते. पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास घुटमळूं लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो : ऊब कशाची करावी? त्याचें उत्तर मला जितकें पुस्तकांतून मिळालें, तितकेंच घरांतील दोन अनुभवांतून मिळालें. म्हणून आधीं पहिला अनुभव सांगतों.

आमच्या वहिनी आज ८२ वर्षांच्या आहेत. घर जुनें, कौलारू. त्यांच्या खोलीला तेवढा फळ्यांचा माळा आहे. पूर्वीं हिवाळ्यांत त्या खोलींत कोळशाची शेगडी असे. दहाएक वर्षांपूर्वीं पौषांतल्या एका रात्रीं थंडी फार म्हणून त्यांनीं दार-खिडकी घट्ट लावून घेतली आणि शेगडी तशीच धुमसत राहिली. पहांटे सूनबाई चहा घेऊन गेल्या, तों वहिनी हांकेला नीट ओ देईनात. डोकें जड, मळमळ, पाय लटपटत. दारें-खिडक्या उघडून त्यांना मोकळ्या हवेंत आणलें, लगोलग रुग्णालयांत नेलें, म्हणून निभावलें. अपराधी होता कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं त्याच्याकडे ओढलें जातें. निजलेल्या माणसाला तो जागें होण्याचीही सवड देत नाहीं. तेव्हां बंद खोलींत जळते कोळसे ठेवूं नयेत, हा नियम मीं त्या दिवशीं घरांत घातला, आणि शेगडीच्या जागीं विजेचा हीटर आला.

बाजारांत ज्यास क्वार्ट्झचा किंवा हॅलोजनचा हीटर म्हणतात, तो अवरक्त किरणांवर चालतो. 'अव' म्हणजे खालीं आणि 'रक्त' म्हणजे तांबडा. ज्यांची कंपनसंख्या तांबड्या किरणांच्या खालची, ते अवरक्त. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगांत तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा सर्वांत अधिक चढला. अंगणांतल्या कोंवळ्या उन्हांत पाठ शेकतांना जी ऊब लागते, तींत या अदृश्य किरणांचा मोठा वांटा असतो. मधली हवा फारशी न तापवितां ते थेट अंगावर पडतात.

येथेंच किफायतीचा मुद्दा येतो. 'हा हीटर निम्म्या विजेंत दुप्पट उष्णता देतो' असें दुकानदार सांगतात, तें मानूं नये. विजेच्या तारेनें तापणारा कोणताही हीटर घ्या. १००० वॅटचा हीटर तासभर चालला कीं १ युनिट वीज खर्च होते आणि जवळजवळ ती सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. भेद उष्णता किती मिळते यांत नसून ती कोठें जाते यांत आहे. पंख्याचा हीटर हवा तापवितो, आणि आमच्या माजघरासारख्या जागेंत ती तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. अवरक्त हीटर समोर बसलेल्या माणसाला तापवितो. म्हणून एका माणसासाठीं ४०० वॅटची एक नळी पुरते. रोज तीन तास लावली तर खर्च १.२ युनिट. सर्व कुटुंब बसलेली खोली उबदार करावयाची तर मात्र हें साधन अपुरें आहे. बाहेरची उष्णता आंत ओढणारें वातानुकूलन यंत्र १ युनिटांत सुमारें तिप्पट उष्णता देऊं शकतें खरें, परंतु त्यास बंदिस्त खोली लागते.

आतां आयुष्य. हॅलोजनच्या नळीचें आयुष्य साधारण ५००० तास धरतात. रोज तीन तास आणि वर्षांतून ७५ दिवस, असे २२५ तास होतात. म्हणजे हिशेबानें नळी बावीस वर्षें टिकावी. प्रत्यक्षांत पांच-सहा वर्षांत हीटर अडगळींत जातो, याचें कारण मावळांत तरी थंडी नसून पावसाळा आहे. चार महिने तो माळ्यावर ओलसर हवेंत पडून राहतो. मागचा चकचकीत पत्रा गंजून काळवंडतो आणि किरण पुढें परतवीनासा होतो, जोड सैल होतात. होळी झाली कीं हीटर कोरड्या फडक्यानें पुसून, घट्ट बांधून कपाटांत ठेवावा. तापलेला असतांना हलवूं नये, आणि हॅलोजनची नळी उघड्या बोटांनीं धरूं नये. बोटांचा तेलकटपणा तापल्यावर कांचेस खराब करितो. श्रावणांत ओले कपडे वाळविण्यासाठीं तो बाहेर काढण्याची चाल पडली आहे, ती सर्वस्वीं त्याज्य आहे. हीटरवर घातलेलें लुगडें पेटावयास फार वेळ लागत नाहीं.

सुरक्षिततेविषयीं दुसरा अनुभव. हीटर आला, वहिनी प्रसन्न झाल्या. दुसऱ्या हिवाळ्यांत सूनबाईंना त्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग दिसले. डॉक्टर म्हणाले, हे रोज फार जवळून शेकल्याचे डाग. वहिनींना मधुमेह आहे. पायांची संवेदना मंद झालेली. आंच लागत नाहीं म्हणून त्या हीटर जवळ जवळ ओढीत होत्या. ज्याला चटका कळत नाहीं, त्याच्या हातीं हीटरचें अंतर सोंपवूं नये, हें आम्हांला तेव्हां उमगलें. कोळशाचा धोका गेला म्हणजे सर्वच धोका गेला, अशी समजूत करून घेतली ती माझीच चूक.

तेव्हांपासून आमच्या घरचे नियम असे आहेत. हीटर माणसापासून व अंथरुणापासून निदान एक मीटर दूर. ती रेघ मीं खडूनेंच जमिनीवर आंखली आहे. कलंडला तर आपोआप बंद होणारा आणि पुढें घट्ट जाळी असलेलाच हीटर घ्यावा, कारण घरांत रांगतीं मुलें असतात. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें. ८०० वॅटचा हीटर साडेतीन अँपिअर ओढतो, त्यास ६ अँपिअरचा सॉकेट चालतो. २००० वॅटचा जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, त्यास १६ अँपिअरचाच पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डावर तर लावूंच नये. पुतण्यानें एकदां त्याच बोर्डावर इस्त्रीही लावली, तेव्हां बोर्ड वितळून साऱ्या घरांत जळका वास सुटला. आणि शेवटचा नियम : झोंपण्यापूर्वीं पिन काढून ठेवावी, रात्रीची ऊब गोधडीनें करावी.

या शेवटच्या नियमावर वहिनी आरंभीं रुष्ट होत्या. "भावोजी, तुमच्या शाळेंतल्या खडूनें मलाही कोंडलेंत कीं," असें त्या म्हणत. आतां संध्याकाळीं त्या आपणच खुर्ची रेघेवर ठेवतात, आणि नातवंडांपैकीं कोणी रेघ ओलांडली कीं पहिली हांक त्यांचीच येते.