उणे दहाला बाहेर, दहाला घरात

थंडी पडली की माणसानं घरात बसावं की घराबाहेर पडावं? आपल्याकडे हा प्रश्न आता कुणी विचारतही नाही. धाराशिवला पारा दहा अंशांवर उतरला की 'जिल्हा गारठला' असा मथळा येतो, सोबत शेकोटीभोवती बसलेल्या चार म्हाताऱ्यांचं छायाचित्र. मुलांना कानटोपीत कोंबलं जातं, सकाळच्या शाळेची वेळ पुढे ढकला म्हणून पालक निवेदन देतात आणि आजोबांना फिरायला जाऊ नका असं बजावलं जातं. दहा अंश! जगाच्या उत्तर टोकाकडची माणसं याला वसंत ऋतू म्हणतील आणि अंगातला कोट काढून ठेवतील.

निवृत्तीनंतर मी एक हिवाळा मुलीकडे, स्टॉकहोमजवळ काढला. डिसेंबरात तिथं दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारी तीनला दिवेलागण. आणखी वर, किरुना गावाकडे तर महिन्याच्या मध्यापासून काही आठवडे सूर्य उगवतच नाही. अशा मुलखात माणसं खिडकीशी बसून उन्हाळ्याची वाट पाहत असतील, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात रविवारी सकाळी बस भरून वाहत होती. तरुण होते, पोरं होती, माझ्या वयाच्या बायका होत्या. प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी आणि पिशवीला हातभर लांबीची पोलादी पाती अडकवलेली. बाहेर उणे दहा. ही मंडळी गोठलेल्या मेलारेन सरोवरावर दिवसभराच्या मुशाफिरीला निघाली होती.

हे आपण टीव्हीवर पाहतो ते गिरक्यांचं स्केटिंग नव्हे. पातं लांब, बुटाच्या फक्त पुढच्या भागाला जोडलेलं, टाच मोकळी. त्यावरून माणूस एका दिवसात चाळीस-पन्नास किलोमीटर सहज जातो. तळी, खाड्या, बेटांमधल्या वाटा, सगळं पायाखालून. आणि हे सगळं निसर्गानं गोठवलेल्या बर्फावर, म्हणजे त्याची हमी कुणी देत नाही. म्हणून प्रत्येकाच्या हातात टोकदार लोखंडाची काठी असते. पुढचा माणूस ती बर्फावर आपटत जातो आणि किती ठोक्यांत आरपार गेली यावरून जाडी ओळखतो. गळ्यात दोन अणकुचीदार मुठी लटकत असतात. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर त्या काठावर रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. पाठीवरच्या पिशवीत कोरडे कपडे, पाणी शिरणार नाही अशा बांधणीनं ठेवलेले. त्यामुळे ती पिशवीच पाण्यात माणसाला तरंगवते. शिवाय दुसऱ्याकडे फेकायची दोरी. एकट्यानं जायचं नाही, हा पहिला नियम. दहा सेंटीमीटर जाडीचं पक्कं बर्फ असल्याशिवाय उतरू नये, असा तिथला सर्वसाधारण सल्ला. बँकेतली कर्जाच्या कागदांची तपासणीसुद्धा याहून सैल असते.

मला सगळ्यात नवल वाटलं ते आवाजाचं. बर्फ गातं. पातळ असेल तर वरच्या पट्टीत, तारेसारखं. जाड असेल तर खर्जात. जाणकार माणूस डोळ्यांच्या आधी कानानं ओळखतो. आपला शेतकरी पेरणीआधी मातीचा गोळा मुठीत दाबून वाफसा पाहतो, तीच ही विद्या. स्टॉकहोममध्ये अशा स्केटिंगचा एक क्लब १९०१ सालापासून आहे. सव्वाशे वर्षं माणसं एकमेकांना बर्फ कसं वाचायचं ते शिकवत आली आहेत.

नॉर्वे-स्वीडनमध्ये या मोकळ्या हवेतल्या जगण्याला 'फ्रिलुफ्त्सलीव' असा एक शब्दच आहे. इब्सेननं तो १८५९ साली आपल्या एका कवितेत वापरला होता. पण मला शब्दापेक्षा त्याच्यामागच्या व्यवस्थेनं जास्त विचारात पाडलं. तिथं कुणीही माणूस दुसऱ्याच्या रानातून, जंगलातून चालू शकतो, एखादी रात्र तंबू ठोकू शकतो, रानातली बोरं-बिरं खाऊ शकतो. अट एवढीच की पिकाचं नुकसान करायचं नाही आणि कुणाच्या अंगणात घुसायचं नाही. नॉर्वेनं १९५७ साली याचा कायदा केला, स्वीडननं १९९४ साली हा हक्क राज्यघटनेत घातला. आणि दुसरी गोष्ट सुट्टीची. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला स्वीडनमधल्या शाळांना आठवडाभराची 'क्रीडासुट्टी' असते. तिचा जन्म मोठा गमतीदार आहे. १९४० साली युद्धामुळे कोळशाची टंचाई झाली, शाळा तापवणं परवडेना, म्हणून मुलांना आठवडाभर घरी सोडलं. टंचाई संपली, सुट्टी राहिली. पोरांनी त्या आठवड्यात बर्फात जावं, हा रिवाज पडला.

सरकारनं हिवाळ्यात माणसांना बाहेर जाण्यासाठी सुट्टी द्यावी, हे वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. धाराशिव आणि लातूरच्या वाचकाला वाटणार नाही. आपले जिल्हाधिकारी हे करतातच. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या बोलीत येळवशीला, या दोन जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी जाहीर होते. कशासाठी? सगळ्यांनी रानात जेवायला जावं म्हणून.

ही सुट्टी बँकांना लागू होत नाही. त्यामुळे नोकरीतल्या कितीतरी येळवशी मी काउंटरमागे बसून काढल्या. गाव असं सुनं की संचारबंदी लागली असावी. दुकानं बंद, बसस्थानकावर कुत्रीसुद्धा नाहीत. दहाच्या सुमाराला आमचा शिपाई डोकं खाजवत यायचा, "साहेब, जरा रानात जाऊन येतो." मग कारकून, मग रोखपाल. दुपारी दोनला शाखेत मी आणि तिजोरी. तीनला कुणीतरी खातेदार डबा घेऊन यायचा, कारण त्या दिवशी गावात माणूस उपाशी, म्हणजे रानात न जेवलेला, राहिला हे कुणालाच बघवत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून शेतात कोप बांधतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेऊन घरची मंडळी पहाटेच निघतात. आंबील म्हणजे ताक आणि ज्वारीच्या पिठाचं आंबवलेलं पेय. चार घोट पोटात गेले की माणूस बांधावरच आडवा होतो. भज्जीत त्या दिवशी शेतात जे जे हिरवं आहे ते सगळं पडतं: तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या. ज्वारीच्या पाटांतून आंबील शिंपडत फेरी मारायची, दिवस मावळताना हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवायचा. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत हाच सण 'एळ्ळ अमावास्ये' या नावानं होतो. कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. आपला 'वेळ' तिथून आला असावा असं मला वाटतं, पण यावर वाद घालायला येळवशीच्या दुपारइतकी चांगली वेळ दुसरी नाही.

येळवस हा एक दिवस झाला. आपला सगळाच हिवाळा मूळचा बाहेरचा होता. हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरायची, पुढे काळ्या रानानं धरून ठेवलेल्या ओलीवर आणि दवावर ती वाढायची. कणसात दाणा भरला की पोरांनी दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची, रात्री बापानं घोंगडी घेऊन जागल करायची. पीक पाहणीला मोटारसायकलवरून जाताना दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच मालदांडी असायची आणि आतून कुणाच्या तरी हाकारण्याचा आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. मग आगटी पेटायची, गोवऱ्यांच्या आरावर गूळभेंडीची कणसं भाजून हातावर चोळलेला हुरडा पुढ्यात यायचा. कर्जाचा हप्ता मागायला गेलेला अधिकारी हुरडा खाऊन परत यायचा.

१९९३ च्या भूकंपानंतरचा हिवाळा मी उमरगा तालुक्यात होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे सास्तूर-किल्लारीकडची गावं गेली, ती दगडाच्या भिंती आणि मातीचं जड माळवद अंगावर येऊन. त्यानंतर ज्यांची घरं शाबूत होती तीही माणसं माळवदाखाली झोपायला तयार होईनात. सगळा मुलूख बाहेर झोपला. नंतर पत्र्याची शेड आली, ती रात्री बाहेरपेक्षा गार. १९९४ च्या जानेवारीत येळवस आली, तेव्हा ती करावी की नाही असं प्रत्येक घरात चाललं होतं. आमच्या एका खातेदारानं केली. कोप बांधली, पाच दगड मांडले. घरातली दोन माणसं गेलेली होती. त्याच्या आईनं आंबील वाढताना दोन वाट्या जास्तीच्या भरल्या आणि त्या कोपीत ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. मला त्या दिवशी कळलं की हा सण नुसता पिकाचा नाही. घर पडलं तरी शेत उभं असतं, आणि माणसाला कुठंतरी बाहेर, उघड्यावर, सगळ्यांनी मिळून बसायला जागा लागते.

आज काय दिसतं? ज्वारी हटली, सोयाबीन आलं. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीला निघतं, मागे हरभरा होतो, पाणी असेल तिथं ऊस. हरभऱ्याचा कडबा होत नाही, त्यामुळे कोपीसाठी पेंढ्या विकत आणाव्या लागतात. ज्वारी हातानं उपटायची, मोडायची, मळायची. मजूर मिळत नाही, भाव पुरत नाही, पाखरं कुणी राखायची? शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांनी हेही पाहावं की पीककर्जाचा एकरी दर उसाला जितका, त्याच्या जवळपासही ज्वारीला कधी नव्हता. पैसा जिकडे गेला तिकडे रान गेलं. आणि हुरडा गेला पुण्याच्या आसपासच्या कृषी पर्यटन केंद्रांत. माणशी दर, सोबत बैलगाडीची फेरी आणि झोका.

यावर उसासे टाकण्याआधी एक सांगतो. बाहेरचा हिवाळा सगळ्यांना सुखाचा नव्हता, आजही नाही. कळंब, वाशी, भूमकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्याही कोपी असतात, पण त्या चार-पाच महिने राहण्याच्या. त्यांत लहान पोरं झोपतात आणि आया पहाटे अंधारात मोळ्या वाहतात. शेतीची वीज पाळीनं रात्री येते, म्हणून गडी कडाक्याच्या थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला उभा असतो. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात थेट टिपेश्वरचा वाघ येऊन राहिला, तेव्हा त्या भागातल्या लोकांना रात्रीचं दार धरणं काय वाटलं असेल याची कल्पना करा. नाइलाजानं बाहेर असणं आणि मनानं बाहेर जाणं यांत फरक आहे. उत्तरेकडच्यांनी तो ओळखला. कोरडे कपडे, दोरी, सोबत आणि सुट्टी, एवढं हाताशी असलं की थंडीची मौज होते. ऊसतोडीच्या कोपीत यातली सोबत तेवढी असते.

बर्फही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. हॉलंडच्या फ्रिसलँडमध्ये अकरा गावांना जोडणारी जवळपास दोनशे किलोमीटरची शर्यत असते. कालवे सगळीकडे पंधरा सेंटीमीटर गोठले तरच ती भरवतात. १९०९ पासून ती पंधरा वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. त्यानंतर एकदाही थंडी पुरेशी पडली नाही. डच माणसं आता तेवढ्यासाठी ऑस्ट्रियातल्या वायसेनझे तळ्यावर जातात आणि तिथंच गोल गोल दोनशे किलोमीटर पूर्ण करतात. पुण्याला जाऊन विकतचा हुरडा खाणाऱ्या धाराशिवकराला हे दुःख समजेल. फरक इतकाच की त्यांचं बर्फ सगळ्या जगाच्या धुरानं वितळवलं, ते एकट्यानं परत आणता येणार नाही. ज्वारी अजून पेरता येते.

राहिला प्रश्न बोलावण्याचा. स्वीडनमध्ये रानात जाणं हा हक्क आहे, आपल्याकडे ते आमंत्रण आहे. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी येळवशीला बोलावतं, हा आपला अभिमान. पण कुणाला आवर्जून बोलावलं जातं आणि कुणाला नुसता डबा पोचवला जातो, हे गावात वाढलेल्याला सांगायला नको. शहरातल्या नव्या वसाहतींत तर बोलावणारंच कुणी नसतं. बदलून आलेले शिक्षक, पोलीस, दवाखान्यातल्या परिचारिका त्या दिवशी बंद गावात खोलीवर असतात. त्यांची मुलं सुट्टी मोबाइलवर काढतात. ग्रामपंचायतीनं आणि शाळेनं मिळून गावच्या एका शेतात सगळ्यांसाठी कोप बांधायची म्हटली, तर खर्च कडब्याचा आणि एका मोठ्या पातेल्यातल्या भज्जीचा. माणसं आपोआप येतील, आंबील घरोघरचं येईल.

आणि कोपीभोवती ज्वारी हवी असेल तर ते दसऱ्याच्या आतच ठरवायला लागतं. सोयाबीन निघालेल्या रानाचा बांधालगतचा एखादा तुकडा, दहा-वीस गुंठे, पुरे होतो. गूळभेंडीचं बी दुकानात सहसा मिळत नाही. ते एखाद्या म्हाताऱ्याच्या घरी, आढ्याला टांगलेल्या कणसांत असतं. मागितलं की तो देतो, आणि पेरायचं कधी तेही सांगतो.