कागदाचे गव्हले

फुरसतीचे उद्योग

या सदरांत आजवर विणकाम, भरतकाम, मण्यांचीं तोरणें असे जे उद्योग आले, त्यांपैकीं बहुतेक मला थोडेबहुत अवगत होते. निदान शिकविण्याचा आव तरी आणतां येत होता. या खेपेस तसें नाहीं. या खेपेस मी वाचकांसमोर विद्यार्थिनी म्हणून उभी आहें, आणि तीहि शेवटल्या बाकावरची.

गेल्या आषाढांत आमच्या थोरल्या जाउबाईंच्या मुलीचें लग्न ठरलें. मार्गशीर्षांतला मुहूर्त निघाला आणि घरांत रुखवताची चर्चा सुरू झाली. हल्लीं रुखवत तयार मिळतें, भाड्यानेंहि मिळतें. तथापि घरच्या मुलीच्या रुखवतांत निदान एक वस्तु घरच्या हातची असावी, असा आमच्याकडे रिवाज आहे. पुतणीनेंच सुचविलें, "काकू, या वेळीं क्विलिंग करून पाहा ना. तुमचा हात चांगला आहे." स्तुतीनें भुलून माणूस काय करणार नाहीं? दुसऱ्याच दिवशीं मी रंगीत पट्ट्यांचीं चार पुडकीं, टोकाला फट असलेली एक सुई आणि पांढऱ्या डिंकाची बाटली घेऊन घरीं आलें.

ज्यांना हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतें. कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळावयाच्या, गुंडाळ्यांना बोटांनीं दाबून आकार द्यावयाचा, आणि त्या कडेवर उभ्या चिकटवून नक्षी मांडावयाची, एवढेंच याचें सूत्र. पक्ष्याच्या पिसाच्या दांडीला इंग्रजींत क्विल म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. युरोपांतील ख्रिस्ती मठांतल्या संन्यासिनी सोनेरी कडांच्या कागदी पट्ट्यांनीं पवित्र अवशेषांच्या पेट्या सजवीत असत. दुरून पाहणाऱ्यास तें सोन्याच्या तारेचें काम वाटे. पुढें अठराव्या शतकांत इंग्लंडांतील सुखवस्तु घरांच्या स्त्रियांनीं तोच उद्योग छंद म्हणून उचलला. जेन ऑस्टेनच्या १८११ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरींत याचा एक मजेदार प्रसंग आहे. ल्यूसी नांवाची मुलगी एका लाडावलेल्या बालिकेसाठीं अशी कागदी टोपली करीत असते. एलिनॉरला तिच्याशीं एका नाजूक विषयावर एकांतांत बोलावयाचें असतें. म्हणून ती "तुमच्या पट्ट्या गुंडाळूं लागतें" असें सांगून तिच्याशेजारीं जाऊन बसते. हात कामांत गुंतले कीं जीभ मोकळी होते, ही गोष्ट त्या लेखिकेनें बरोबर हेरली होती. मला मात्र ती फार उशिरा उमगली.

पहिल्या दुपारीं मी टेबल मोकळें करून बसलें. मोबाइलवरच्या चित्रफितींत सारें कसें लोण्यासारखें सोपें दिसलें होतें! माझ्या पहिल्या पट्टीचें टोक सुईच्या फटींतच फाटलें. दुसरी गुंडाळी काढतांना तिचा मधला भाग सुईबरोबर वर आला आणि हातांत एक मनोरा राहिला. तिसरीला डिंक इतका लागला कीं ती कागद सोडून माझ्या अंगठ्यालाच बिलगली. चौथी बोटांतून सुटली ती टेबलाखालीं गेली. त्यांत बाहेर पावसाची झड लागलेली; हवेंतील ओलीनें कागद मऊ पडलेला, त्यामुळें सैल सोडलेली गुंडाळी उलगडावी तशी उलगडेना. तीन तासांत सात कोयऱ्या झाल्या, आणि एकीसारखी दुसरी नव्हती.

मध्यभागीं मोठें फूल हवें म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं पट्टीला पट्टी जोडली. लांबी दुप्पट केली, तर गुंडाळीहि दुप्पट होईल असा माझा हिशेब. ती झाली जेमतेम थोडीशी मोठी. धाकट्या भाऊजींचा मुलगा नववींत आहे. तो म्हणाला, "काकू, पट्टी दुप्पट केली तर क्षेत्रफळ दुप्पट होतें, व्यास नव्हे. व्यास दुप्पट हवा तर पट्टी चौपट घ्या." हिशेब करून पाहिला, तो खराच! अर्ध्या मीटरची पट्टी घट्ट गुंडाळली तरी सेंटिमीटरभर रुंदीची टिकली होते. भूमिति शाळेंतच सोडून आल्याचा हा दंड.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या सासूबाईंचें वय ७८. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयोमानानें झिजल्यामुळें त्यांना कडेचें दिसतें, पण ज्याकडे पाहावें तेंच नेमकें पुसलेलें असतें. पोथी सुटली, वर्तमानपत्र सुटलें, चूल तर आम्हीं केव्हांच सोडावयास लावली. दोन वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगावयास मला संकोच वाटतो. त्या गव्हले करीत बसल्या होत्या, आणि बरेचसे दाणे परातीबाहेर जमिनीवर पडत होते. मी म्हणालें, "आई, राहूं द्या आतां. आपण विकतचे आणूं." आणि परात उचलून घेतली. मायेनेंच घेतली, असें मला तेव्हां वाटलें होतें.

तर त्या तिसऱ्या दुपारीं सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "अगं, मघापासून कागद कां फाडते आहेस?" मीं माझी कर्मकथा सांगितली. "एक पट्टी दे पाहूं इकडे." मीं दिली. त्यांनीं ती दोन्ही टोकांपर्यंत चाचपली, एक टोक ओठांवर किंचित् ओलें केलें आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें धरून वात वळतात तशी वळूं लागल्या. सुई नाहीं, कांहीं नाहीं. मिनिटभरानें गुंडाळी माझ्या तळहातावर ठेवली. सुईनें केलेल्या गुंडाळीच्या मध्यें एक बारीकसें भोक आणि मुडपलेलें टोक राहतें. या गुंडाळीला तें नव्हतें. "हे कागदाचे गव्हलेच कीं," त्या म्हणाल्या, "फक्त खीर होणार नाहीं एवढेंच."

तेथून कामाची वांटणी आपोआप ठरली. गुंडाळावयाचें त्यांनीं, डिंक लावून मांडावयाचें मीं. रंग त्यांना ओळखतां येत नाहींत, म्हणून पट्ट्या वाट्यांत घातल्या: उजवीकडे तांबडा, मध्यें पिवळा, डावीकडे हिरवा. दुसऱ्या दिवसापासून त्या रंग विचारीनाशा झाल्या. चौकटीच्या कांठाला १०८ कोयऱ्या लागणार होत्या. त्या रोज दुपारीं दोन-अडीच डझन करीत, आणि मला दम लागे!

चौथ्या कीं पांचव्या दिवशीं, हात चालू असतांनाच, वर न पाहतां त्या म्हणाल्या, "तूं त्या दिवशीं परात उचललीस ना, तेव्हां मी रागावलें नव्हतें हो. दाणे सांडत होते हें मलाहि कळत होतें. पण त्यानंतर माझ्यापाशीं काम घेऊन कोणी आलें नाहीं." मला उत्तर सुचलें नाहीं. मीं तांबडी वाटी त्यांच्याकडे सरकविली. थोड्या वेळानें त्याच म्हणाल्या, "डिंक जपून लाव, परवाच्या कोयरीला टणक गांठ आली होती." माझी चूक त्यांच्या बोटांनीं पकडली होती.

आपल्या घरांत वडील माणसांची काळजी घेण्याची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु काळजीच्या नांवाखालीं आपण त्यांच्या हातांतलें एकेक काम काढून घेतों, आणि मग "हल्लीं त्या फारशा बोलत नाहींत" असें एकमेकींना सांगतों. ज्या हातांनीं घरांतील तीन मुलींच्या रुखवताचे गव्हले केले, ते हात मांडीवर स्वस्थ ठेवावयास लावणें ही सेवा नव्हे. दाणे सांडतात म्हणून परात उचलण्याऐवजीं सांडलेले दाणे वेचावयास कोणी बसलें असतें, तर काय बिघडलें असतें?

कार्तिकांत गव्हल्यांचा मुहूर्त झाला, तेव्हां पहिली परात सासूबाईंच्या पुढें ठेवली. दाणे याहि वेळीं सांडले. ते वेचावयास घरांत आम्ही पांच जणी होतों.

ज्यांना हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनीं आरंभीं तीनच आकार शिकावेत. पट्टी गुंडाळून सैल सोडावी, तिचें टोक चिकटवावें आणि एका बाजूस चिमटावें, कीं थेंब होतो. दोन्ही बाजूंस चिमटल्यास डोळा. थेंबाचें टोक वांकविल्यास आपली ओळखीची कोयरी. पट्ट्या आधींच सारख्या लांबीच्या कापून घ्याव्यात आणि सर्व गुंडाळ्या एकाच मापाच्या वर्तुळांत उलगडूं द्याव्यात, म्हणजे पाकळ्या लहानमोठ्या होत नाहींत. वर्तुळें काढण्याची मुलांची भोकांची पट्टी यास उत्तम. डिंक बाटलीनें कधींहि लावूं नये. टांचणीच्या टोकावर मावेल तेवढा पुरतो. पावसाळ्यांत पट्ट्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्यात. आणि घरांत कोणी वाती वळणारें असेल, तर सुई विकत घेण्यापूर्वीं एक पट्टी त्यांच्या हातांत देऊन पाहावी.

आमची चौकट रुखवतांत मांडली गेली. वरपक्षाकडील एका बाईंनीं कांठावरून बोट फिरवून विचारलें, "या सात तेवढ्या वेगळ्या कां दिसतात?" सासूबाई जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या आमच्या सूनबाईंच्या. शिकते आहे अजून."