न उडणारा काजवा

मे महिन्याचा शेवट, पुरुषवाडीतला मिट्ट काळोख आणि ट्रायपॉडवर माझा नवाकोरा सेकंड-हँड कॅमेरा. ३० सेकंदांचं एक्स्पोजर, असे ४० फोटो. घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर झाड काजव्यांनी लगडलेलं, पण त्यात एक काजवा चक्क लाल! पुढच्या फोटोतही तोच, तिथेच. ४० च्या ४० फोटोंत पठ्ठ्या जागचा हललेला नाही. विकणाऱ्याने परत घ्यायची ७ दिवसांची मुदत दिली होती, त्यातले ५ संपलेले. पोटात गोळाच आला.

याला म्हणतात हॉट पिक्सेल. २४ मेगापिक्सेल म्हणजे सेन्सरवर उजेड टिपणारे २ कोटी ४० लाख ठिपके. अंधारातही प्रत्येकात थोडा करंट झिरपत असतो, काहींत जरा जास्तच. शटर जितका वेळ उघडं आणि सेन्सर जितका गरम, तितका ठिपका ठळक. म्हणजे दिवसा साळसूद आणि मे महिन्यातल्या रात्री हा उघडा पडणार! डेड पिक्सेलची गोष्ट उलटी. तो काही टिपतच नाही, त्यामुळे पांढऱ्या भिंतीच्या फोटोत सापडतो. आणि ठिपका फक्त कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसत असेल, लॅपटॉपवर नाही, तर दोष स्क्रीनचा.

मग परत द्यायचा की ठेवायचा? लेन्सला टोपी लावा, आयएसओ १०० ठेवा. एक फोटो १/६० ला, एक ३० सेकंदांना. लॅपटॉपवर १०० टक्के झूम करून बघा. पहिल्यातच ठिपके असतील तर कॅमेरा परत करा. फक्त दुसऱ्यात थोडे दिसले तर घाबरू नका, असे ठिपके चांगल्या कॅमेऱ्यांतही निघतात. माझा पहिला फोटो स्वच्छ होता, दुसऱ्यात ११ ठिपके. कॅमेरा ठेवला.

मेन्यूतलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा फोटो काढतं आणि त्यातले ठिपके वजा करतं. पण काजव्यांच्या वेळी ती ३० सेकंदं कोण थांबणार! त्यापेक्षा शेवटी त्याच सेटिंगवर टोपी लावून एक फोटो काढायचा, वजाबाकी घरी. रॉ फाइल असेल तर लाइटरूम असे बरेच ठिपके आपणहून गाळतं (मी आळशीपणा करून जेपेग काढले होते). काही कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगची सोय मेन्यूतच असते, बाकीच्यांना सर्व्हिस सेंटर.

आता सेकंड-हँड कॅमेरा बघायला गेले की पैसे देण्याआधी टोपी लावून दोन फोटो काढते. विकणारे विचित्र नजरेने बघतात. बघू देत.