दुकान मोबाइलवर, शिस्त मात्र दुकानदाराचीच हवी!

खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या 'खाउजा' धोरणाने बहुजन समाजाच्या तोंडचा घास कसा हिरावला, हे या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. कायम पदांच्या जागी कंत्राटी माणसे आली आणि पदवी घेतलेला आमचा तरुण भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसला. नेमकी हीच वेळ साधून त्याच्या मोबाइलवर दुसरी जाहिरात झळकते, 'घरबसल्या लाखो कमवा, झोपेतही पैसा येईल!' या धंद्याचे नाव ॲफिलिएट मार्केटिंग. आमचा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो 'झोपेत' या शब्दाला!

हा धंदा म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. एखाद्या वस्तूची माहिती लोकांना द्यायची आणि सोबत आपल्या खात्याची लिंक जोडायची. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली, तर विकणारी कंपनी ठरलेले कमिशन देते. यात माल साठवावा लागत नाही, गाळा भाड्याने घ्यावा लागत नाही. अमेरिकेत ॲमेझॉनने १९९६ मध्येच ही पद्धत सुरू केली. तेव्हा यात जादू काहीच नाही. ही शुद्ध दलाली आहे आणि प्रामाणिकपणे केलेली दलाली हा कष्टाचाच धंदा आहे.

आता हिशेब मांडू. ५०० रुपयांची वस्तू आणि ४ टक्के कमिशन धरले, तर एका विक्रीमागे २० रुपये मिळतात. महिन्याला ६,००० रुपये हवे असतील तर ३०० विक्री व्हायला हवी. लिंक उघडणाऱ्या शंभरातील दोघांनी खरेदी केली असे मानले, तर महिन्यात १५,००० वेळा, म्हणजे रोज ५०० वेळा ती लिंक उघडली गेली पाहिजे. गिऱ्हाइकाने वस्तू परत केली की कमिशनही जाते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण झोपेत पैसा येत नाही हे कळण्यास पुरेसे आहेत.

तथागत बुद्धांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात त्यांनी दुकानदाराचा दाखला दिला आहे. जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामात मन घालत नाही, त्याला नवे धन मिळत नाही आणि मिळालेले वाढत नाही, असा त्याचा आशय आहे. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तर आळशी माणसाच्या सबबीच मोजून दाखवल्या आहेत. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, फार भूक लागली, पोट फार भरले! आजच्या तरुणाने त्यात 'रेंज नाही' आणि 'मूड नाही' या दोनच सबबींची भर घातली आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, या धंद्यात पडायचे तर दिवसाचे तीन भाग पाडा. सकाळी एक वस्तू निवडा, तिची किंमत, हमी, दुरुस्तीची सोय आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी तपासा आणि स्वच्छ मराठीत लिहा किंवा बोला. शिवणयंत्र कोणते घ्यावे, फवारणीचा पंप कोणता टिकतो, स्पर्धा परीक्षेच्या कोणत्या पुस्तकाची कोणती आवृत्ती घ्यावी, हे मायबोलीत नीट सांगणाऱ्याची खेड्यापाड्यांत गरज आहे. दुपारी लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्या. सायंकाळी वही उघडा. आज लिंक किती वेळा उघडली, विक्री किती झाली, परत किती आले, नेटपॅकला किती गेले, ते लिहा. ही वहीच पुढे प्राप्तिकराचे विवरण भरतानाही कामाला येते. सहा महिने हा नेम न मोडता पाळा आणि मगच धंदा जमतो की नाही ते ठरवा. अभ्यास सुरू असेल, तर त्याचे तास मात्र या धंद्याला देऊ नका.

शिस्त केवळ वेळेची नसते, ती वाणीचीही असते. सम्यक आजीविका हा आर्य अष्टांगिक मार्गाचा भाग आहे. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी सांगितले. आज जुगाराचे ॲप आणि रातोरात गोरे करणारी मलमे यांच्या लिंका वाटणे कोणत्या आजीविकेत बसते? कायदाही येथे स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पाठबळ देणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरात करणाऱ्याने कंपनीशी असलेला आपला आर्थिक संबंध उघड करायचा असतो. तेव्हा 'या विक्रीवर मला कमिशन मिळते' हे वाक्य ठळकपणे सांगा. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास बसतो.

एक धोक्याची सूचना दिल्यावाचून आम्हाला राहवत नाही. वकिली करताना आमच्याकडे असे तरुण येतात, ज्यांनी आईच्या बचत गटाचे कर्ज काढून 'सभासद' होण्यासाठी पैसे भरलेले असतात. तेथे माल नावापुरता असतो; कमाई असते ती आणखी माणसे जोडण्याची. ही साखळी योजना आहे, ॲफिलिएट मार्केटिंग नव्हे! १९७८ च्या बक्षीस चिट आणि पैसा फिरवणाऱ्या योजनांवरील बंदी कायद्याने अशी योजना चालवणे तर गुन्हा आहेच, तिच्यात सभासद होऊन भाग घेणेही गुन्हा आहे. ओळख साधी आहे. कमिशन वस्तू विकल्यावर मिळते की माणूस जोडल्यावर, एवढे विचारा. साखळी तुटते तेव्हा आपल्याच वस्तीतील मावशी, काकू, मित्र बुडतात आणि चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात.

जातिव्यवस्थेने आम्हाला व्यापाराच्या ओट्यावर पाय ठेवू दिला नाही. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्ला उत्तम होता; पण सल्लागार 'अस्पृश्य' आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. मोबाइलच्या पडद्यावरही आडनाव दिसतेच, तेव्हा येथे जात नाही असा भ्रम नको. परंतु आपला समाज विक्री जाणतो. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर रात्र-रात्र जागून पुस्तके विकणाऱ्या आमच्या विक्रेत्यांना कोणते पुस्तक कोणाला द्यावे हे पाठ असते. तीच निष्ठा पडद्यावर आणायची आहे.

अर्थात, या धंद्याकडे बोट दाखवून कोणी सरकारने रिक्त पदांचा प्रश्न गुंडाळू नये. मोबाइलवरचे कमिशन हे आरक्षणाला पर्याय नव्हे. तो लढा सुरूच राहील आणि लढणाऱ्याच्या घरात चूलही पेटली पाहिजे. सिगालोवाद सुत्तातच मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. पहिल्या कमिशनचे २० रुपये हाती येतील, त्या दिवसापासूनच हे वाटे पाडायला शिका!

जय भीम!